तिसरी हाक

४ मार्च

प्रिय दादा,

परवा फोनवर तुला सांगितलं तेव्हा तू "बरं" म्हणालास आणि फोन ठेवलास. मी राग धरलेला नाही. आपण फोनवर बोललो की पाचव्या वाक्याला भांडण ठरलेलं, म्हणून हा कागद. कागदावर निदान एकमेकांचं बोलणं मध्येच तोडता येत नाही.

अप्पा शांतपणे गेले. दुपारचा चहा झाला होता. दाराजवळच्या खुर्चीत बसले होते, मांडीवर उशीचा अभ्रा, हातात सुई. मला वाटलं डुलकी लागली. शेवटची दोन वर्षं त्यांचं हेच चालू होतं. सकाळी दाढी करायची, टाय बांधायचा, दारापाशी बसायचं आणि मी समोरून गेले की सुरू. "बाई, घरात फाटकं काही आहे का? मशीन घेऊ नका हो, नुसतं बघा तरी." मी त्यांची मुलगी आहे हे दिवसातून एखाद्या वेळी आठवायचं, बाकीचा वेळ मी गिऱ्हाईक. घरातलं सगळं शिवून संपलं तेव्हा मी अभ्रे मुद्दाम उसवायला लागले. संध्याकाळी मी उसवायचे, सकाळी ते शिवायचे. हात थरथरायचा, पण टाका सरळ यायचा.

मी दमले आहे, दादा. हे म्हणतात, सहा वर्षं केलंस, आता जरा पड. पडते. पण कान दाराकडेच असतात.

मिस्त्रीकाका रोज येऊन बसतात. तुला आठवत असतीलच. लष्करात अप्पांच्याच तुकडीत होते आणि पुढे अप्पांनी विकलेली शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. बोलत काही नाहीत, चहा पितात आणि जातात. त्यांनीच सांगितलं की माजी सैनिकांच्या संघाने वीस एप्रिलला अप्पांसाठी सभा ठेवली आहे. थोरल्या मुलाने चार शब्द बोलावेत अशी सगळ्यांची इच्छा आहे.

आणि दुसरं म्हणजे अप्पांची खोली. मी ती बंद करून ठेवली आहे. ती मला एकटीने आवरायची नाही. त्यांचे शर्ट कुणाला द्यायचे, नमुन्याच्या मशीनचं काय करायचं, हे मी एकटीने का ठरवायचं? तू येतोस का?

तुझी,
ठमी
(साठी उलटली तरी ठमीच)


१५ मार्च

प्रिय ठमे,

पत्र मिळालं. तू अप्पांचं किती केलंस ते मला ठाऊक आहे. ते लिहून दाखवण्याची मला सवय नाही, म्हणून एवढ्यावरच समजून घे.

येणं कठीण दिसतं. गुडघ्यांनी उच्छाद मांडलाय, डॉक्टर लांबचा प्रवास नको म्हणतात. शिवाय वरच्या मजल्यावरचं पाणी माझ्या छतातून झिरपतंय, त्यासाठी माणूस कधी उगवेल याचा नेम नाही. घर सोडून जाता येत नाही.

सभेसाठी मी काही लिहून पाठवतो. कोणाकडून तरी वाचून घ्या. माझ्यापेक्षा आवाज बरा असलेला कोणीही चालेल, म्हणजे कोणीही.

पण लिहायला बसलो आणि अडलो. चाळीस वर्षं मी कचेरीत दुसऱ्यांच्या गावांचे नकाशे काढले, आणि आपल्याच बापाबद्दल मला धड चार ओळी भरतील एवढी माहिती नाही. ते बहुतेक फिरतीवर, मी बहुतेक वसतिगृहात. लढाईत ते पहाऱ्यावर असत एवढं माहीत आहे. त्याबद्दल विचारलं की ते मशीनला तेल द्यायला उठत. लहानपणी मला वाटायचं, जगात इतकं तेल पिणारं यंत्र दुसरं नसेल.

तुला ठाऊक असेल ते कळव. गोडगोड नको, खरं कळव.

दादा


२२ मार्च

प्रिय दादा,

तुझे गुडघे लग्नाला दुखतात, मयताला दुखतात, कोणी आजारी पडलं की दुखतात. बाजारात जाताना दुखत नाहीत का रे? आणि छत गळतंय तर खाली बादली ठेव. जग तसंच चालतं.

असो. तू खरं मागितलंस, तर घे.

लष्करात अप्पा शिपाई म्हणून गेले आणि शिपाई म्हणूनच परत आले. मध्ये एक पट्टी मिळाली होती, ती काढून घेतली. का, ते विचारायची सोय नव्हती. आईनेही कधी विचारलं नाही. कोणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायचे, "शिवण कच्ची होती, निघाली." मिस्त्रीकाका तेव्हा खाली मान घालून चहा ढवळत बसायचे. आपल्याला वाटायचं, दोघांनी मिळून काहीतरी भानगड केली असणार.

मग मशीनं. नमुन्याचं मशीन लाकडी पेटीत घालून खांद्यावर. उजवा खांदा शेवटपर्यंत खाली झुकलेला राहिला. शिंप्याने त्यांचे कोट नेहमी एका बाजूला आखूड शिवावेत, तेव्हा कुठे सरळ दिसायचे. दारात गेले की आधी फाटकं मागायचे. बाई म्हणायची, मशीन नको. हे म्हणायचे, मशीन कुठे देतोय, फाटकं द्या. शिवून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, आणि गिऱ्हाइकाने बसा म्हटल्याशिवाय बसायचे नाहीत. एका सुट्टीत ते मला बरोबर घेऊन गेले होते. मी पाहिलंय, बायका शिवलेली शिवण नखाने ओढून बघायच्या आणि मग दार पूर्ण उघडायच्या.

त्यांचा तो नियम आठवतो? पहिला नकार तोंडाचा, दुसरा खिशाचा, तिसरा मनाचा. पहिल्याने हसायचं, दुसऱ्याने थांबायचं, आणि तिसऱ्याने पेटी उचलून आभार मानायचे आणि त्या दारावर पुन्हा जन्मात थाप मारायची नाही. घरातही तेच. मी भात नको म्हटलं की तीनदा विचारायचे. तिसऱ्यांदा नको म्हटलं की झाकण बंद, मग रडलं तरी मिळायचं नाही.

आईशी लग्नाचं मात्र उलटं झालं. आई सांगायची ते तुला आठवत असेल. मशीन विकायला आले आणि मशीनबरोबर स्वतःलाही विकायला लागले. दोनदा विचारलं, दोनदा ती नाही म्हणाली. मग हे गृहस्थ गल्लीत फिरकायचेच बंद. शेवटी तिनेच निरोप धाडला की मशीन बिघडलंय. मशीनला काय धाड भरली होती? तिने स्वतःच दोरा गुंतवून ठेवला होता.

घरातला माणूस म्हणशील तर ते फिरतीवरून आले की आधी सगळ्यांचे कपडे तपासायचे. कोणाचं बटण तुटलंय, कोणाची बाही उसवलीय. जवळ घेऊन कधी बसले नाहीत. पण आपण दोघांनी शाळेत कधी फाटकं घातलं नाही. त्यांची माया हीच होती, दुसरी त्यांना येत नव्हती. मला हे उशिरा कळलं, पण कळलं.

एवढं पुरे? आता माझं ऐक. सभा गेली खड्ड्यात. खोलीचं कुलूप रोज बघते आणि परत फिरते. त्यांच्या टायला अजून त्यांच्या तेलाचा वास येत असेल, तो मी एकटीने हुंगत बसू का? मी दुसऱ्यांदा विचारतेय. येतोस का?

ठमी


५ एप्रिल

प्रिय ठमे,

सोबत दोन पानं आहेत, सभेत वाचण्यासाठी. तुझीच माहिती, मी फक्त क्रम लावला. शेवट जरा कोरडा वाटेल. वाटू दे.

मी येणार नाही. गुडघे आणि छत हे निमित्त होतं हे तुला कळलंच आहे, तेव्हा आता खरंच लिहितो. तूच त्या नियमाची आठवण काढलीस.

आई गेली तेव्हा अप्पांनी मला विचारलं, "घर रिकामं झालं. बदली मागून इकडे ये. येतोस?" मी म्हटलं, बघू. तो तोंडाचा नकार होता, हे कोणालाही कळलं असतं.

पुढे दोन वर्षांनी ते इथे आले. त्यांची शेवटची फिरती. मी दार उघडलं तर पेटी खांद्यावर, आणि मी "बसा" म्हणेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात उभे. मुलाच्या घरात! म्हणाले, "फाटकं काही आहे का?" मी कोट दिला. खिशाचं अस्तर गेलं होतं, किल्ल्या खाली घरंगळायच्या. त्यांनी ते हाताने शिवलं. शिवता शिवता, वर न बघता म्हणाले, "परत ये. म्हातारा झालोय." मी म्हटलं, नोकरी सोडणं परवडणार नाही. तो खिशाचा नकार होता. मीही त्यांचाच मुलगा आहे, नकार कसे मोजायचे ते मला येतं.

त्यांनी मान हलवली. स्वतःची कपबशी स्वतः विसळली.

मी त्यांना पोचवायला स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा होती. आम्ही बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो आणि ते बोलत होते सिग्नलबद्दल, डब्यांच्या रंगाबद्दल, माझ्या बुटांच्या टाचांबद्दल. मी वाट बघत होतो, ठमे. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं असतं तर मी हो म्हणालो असतो. शब्द तोंडात तयार होता. गाडी हलली, ते खिडकीतून म्हणाले, "टाचा बदलून घे." आणि गेले.

कुठल्या कुठल्या गावच्या, नावही माहीत नसलेल्या बायकांना हा माणूस मशीनसाठी तीन तीनदा विचारायचा. तुला भातासाठी तीनदा विचारायचा. मला दोनदा. मी तिसऱ्या वेळेच्याही लायकीचा नव्हतो. त्यानंतर इतकी वर्षं पत्रातून, फोनवरून एकदाही नाही. मी त्या घरी का यावं? मला कोणी बोलावलेलं नाही.

तू विचारलंस म्हणशील. तू विचारलंस ते खोली आवरायला.

आता पुन्हा विचारू नकोस. तिसऱ्यांदाही उत्तर हेच असेल.

दादा


९ मे

प्रिय दादा,

महिनाभर लिहिलं नाही. आधी रागाने, मग सभेच्या गडबडीने, आणि मग हातात पेन धरवेना म्हणून.

सभा झाली. वीसेक माणसं होती, त्यातली निम्मी ऐकू न येणारी. तुझी पानं मिस्त्रीकाकांनी वाचायला घेतली. मी म्हटलं, काका, तुमचे डोळे? म्हणाले, "मला वाचू दे." चष्मा सावरत वाचत गेले आणि पट्टी गेली त्या वाक्याशी थांबले. पान खाली ठेवलं. सगळ्यांना वाटलं, दम लागला. ते म्हणाले, "हे ह्या पोरांना माहीत नाही. मीच सांगितलं नाही. त्याने शपथ घातली होती. आता तो गेला, शपथ सुटली."

त्यांनी सांगितलं ते तुला तसंच्या तसं लिहिते.

लढाईत अप्पा पहाटेच्या पहाऱ्यावर होते. धुकं असं की स्वतःचा हात दिसेना. समोरून कोणीतरी चालत येत होतं. पहारेकऱ्याला हुकूम असा असतो की तीनदा हाक द्यायची, कोण आहे म्हणून. तिसरीला उत्तर आलं नाही तर गोळी. अप्पांनी पहिली हाक दिली. उत्तर नाही. दुसरी दिली. उत्तर नाही. समोरचा चालतच होता. अप्पांनी तिसरी हाक मारलीच नाही. बंदूक घेऊन सरळ धुक्यात उतरले, आणि त्या माणसाच्या छातीशी छाती लागली तेव्हा दोघंही खाली पडले.

तो माणूस म्हणजे मिस्त्रीकाका. तापाने फणफणले होते, घसा बसलेला, तोंडातून हूं की चूं निघत नव्हतं. वाट चुकून उलट्या बाजूने येत होते. शत्रू असता तर अख्खी तुकडी झोपेत कापली गेली असती, म्हणून अप्पांची पट्टी काढून घेतली. बरोबरच होतं, काका म्हणाले. हुकूम मोडला होता.

नंतर काकांनी त्यांना विचारलं, तिसरी हाक का नाही दिलीस? अप्पा म्हणाले, "तिसरी दिली असती तर मग माझ्या हातात काही राहिलं नसतं."

सभा संपल्यावर मी काकांना घरी आणलं आणि तुझं पत्र वाचून दाखवलं. तुला न विचारता. राग यायचा तर येऊ दे. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अगं, तुझ्या दादाकडून परत आला तो माझ्याकडेच उतरला. पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, स्टेशनावर तिसऱ्यांदा अगदी जिभेवर आलं होतं रे, गिळलं. तो नाही म्हणाला असता तर? मग माझा नियम मला पाळावा लागला असता. आता निदान दोनच नकार आहेत. अजून दार उघडं आहे."

मशीन न घेणारी बाई गेली तर गेली, दुसरं दार आहे, म्हणून तिला तीनदा विचारायचे. मला भातासाठी विचारायचे, कारण भात नाही खाल्ला तरी मी घरातच होते. पण जिथे नकार सोसवणार नाही तिथे हा माणूस दोनवर थांबायचा. आईच्या वेळीही दोनवरच थांबले होते. आई शहाणी. तिने तिसऱ्याची वाट पाहिली नाही, सरळ दोरा गुंतवला.

तुम्ही दोघं त्या बाकावर शेजारी बसलात, एकाच्या तोंडात प्रश्न आणि एकाच्या तोंडात उत्तर, आणि बोललात बुटांच्या टाचांवर. मला तुमच्या दोघांचाही इतका संताप आला की मी उठून भांडी आपटली. मग रडले. मग ह्यांनी चहा केला. तो पाणचट होता, तरी प्यायले.

आणखी एक. शेवटच्या वर्षात रोज संध्याकाळी ते मला विचारायचे, "बाई, त्या शहरातून काही निरोप आला का? मशीन बिघडलंय असा?" मला वाटायचं, जुनं गिऱ्हाईक आठवतंय. मी म्हणायचे, नाही आला. ते म्हणायचे, "येईल. घाई नाही."

मला कळलं असतं तर मी खोटं सांगितलं असतं, आला म्हणून.

खोली बंदच आहे. आता दाराची कडी गंजायला लागली आहे, आणि मला तेल द्यायचा कंटाळा येतो. मी फार दमले आहे, दादा, आणि हे दमणं झोपेने जाणारं नाही. पण मी तुला काहीही विचारत नाही. तू म्हणालास, तिसऱ्यांदाही उत्तर हेच असेल. मी अप्पांची मुलगी आहे. मीही दोनवर थांबते.

ठमी


२० मे

प्रिय ठमे,

तुझं पत्र येऊन आठवडा झाला. रोज उत्तर लिहायला बसतो आणि कागद तसाच राहतो. आज थोडक्यात लिहितो, नाहीतर हेही राहील.

बाकावर बसलो होतो तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते, हे मी इतकी वर्षं त्यांच्याविरुद्ध धरून ठेवलं होतं. मीही त्यांच्याकडे बघत नव्हतो. बघितलं असतं तर कदाचित दिसलं असतं. मला विचारता येत होतं, "अप्पा, येऊ का?" तेवढे तीन शब्दही मला जड झाले. आईला जमलं ते मला जमलं नाही. आता ज्यांना सांगायचं ते नाहीत, म्हणून तुला सांगतो. मला फार वाईट वाटतंय, ठमे. फार.

कपाटातून तो कोट काढला. बाकी सगळा विरलाय, कोपरं गेली, कॉलर गेली. खिसा धड आहे. नखाने ओढून बघितला.

तिकीट काढलं आहे. पुढच्या रविवारी दुपारच्या गाडीने पोचतो. स्टेशनवर येऊ नकोस, स्टेशनं आपल्या घराण्याला मानवत नाहीत. सामान फारसं नाही, कोट अंगावर असेल. छताखाली बादली ठेवली आहे. खोलीला हात लावू नकोस, कडीला तेल मी देईन. नमुन्याचं मशीन कोणाला देऊ नकोस.

एक काम कर. तू दार उघडशील तेव्हा मी बाहेरच उभा राहीन. लगेच "आलास?" म्हणू नकोस, रडू नकोस, आणि बाजूलाही होऊ नकोस. उंबऱ्यात उभी राहा आणि तिसऱ्यांदा विचार, येतोस का म्हणून.

उत्तर बरीच वर्षं तोंडात आहे. तिथेच देईन.

दादा